मधला पडदा : ‘डायफ्राम’ या शब्दाचा अर्थ आणि उगम

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी माध्यमाच्या शाळेत पालकसभा भरली की एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि दिल्लीसारख्या शहरात तो अधिकच आग्रहाने विचारला जातो. विज्ञानाच्या पाठात मुलाने ‘श्वासपटल’ हा शब्द शिकायचा, शेजारच्या मित्राच्या हिंदी पुस्तकात त्याच अवयवासाठी ‘मध्यपट’ वाचायचा आणि बारावीनंतर वैद्यकीय महाविद्यालयात पाऊल ठेवले की त्यालाच ‘डायफ्राम’ म्हणायचे. एका वस्तूसाठी तीन शब्दांचे हे ओझे कशासाठी? प्रश्न काळजीपोटी आलेला असतो आणि तो रास्तही असतो. मातृभाषेच्या अभिमानाची चार वाक्ये म्हणून त्याची बोळवण करता येत नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर यांतला एखादा शब्द हाती घेऊन तो नीट उलगडून पाहावा लागतो. म्हणून आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे : ‘डायफ्राम’ हा एक शब्द.

प्रथम ती वस्तू पाहावी, मग तिचे नाव. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा एक स्नायुमय पडदा असतो. त्याच्या कडा स्नायूंच्या असतात आणि मध्यभाग चिवट तंतूंचा असतो. श्वास घेताना हे स्नायू आकुंचन पावतात, घुमट खाली येऊन सपाट होतो, छातीची पोकळी वाढते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा फुप्फुसांत शिरते. स्नायू सैल पडले की घुमट पुन्हा वर जातो आणि हवा बाहेर पडते. हवा आत आली म्हणून छाती फुगली, असे बहुतेक मुलांना वाटते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. छाती विस्तारते म्हणून हवा आत येते. लोहाराचा भाता ज्याने पाहिला आहे त्याला हे लगेच पटते. भाता आधी उघडतो, मग त्यात हवा भरते.

योगग्रंथांत दिवसभरातील श्वासांची परंपरागत संख्या २१,६०० सांगितली आहे. मिनिटाला १५ श्वास धरले तर २४ तासांचा हिशेब तंतोतंत तेवढाच येतो. इतक्या वेळा हा घुमट रोज खाली उतरतो आणि वर चढतो, आणि त्याच्या धन्याला त्याची जाणीवही नसते. दिल्लीकरांना मात्र ही जाणीव दर हिवाळ्यात होते. २०१६ च्या नोव्हेंबरात धुरक्यामुळे दिल्लीतील शाळा तीन दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या. श्वसनाचा पाठ शिकवणाऱ्या वर्गातील मुलांनाच तेव्हा श्वासासाठी घरात बसावे लागले. तेव्हा या अवयवाची ओळख येथील मुलांना करून देणे हे केवळ परीक्षेपुरते काम राहत नाही.

आता नावाकडे वळू. ‘डायफ्राम’ हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचे दोन अवयव आहेत : ‘दिआ’ आणि ‘फ्राग्मा’. ‘दिआ’ म्हणजे मधून, आरपार, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे. ‘फ्राग्मा’ म्हणजे कुंपण, आडोसा. कुंपण घालणे, बंदिस्त करणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला. दोन्ही मिळून अर्थ झाला ‘मधोमध घातलेले कुंपण’. हे दोन तुकडे एकदा ओळखीचे झाले की कितीतरी परके शब्द आपोआप उघडतात. वर्तुळाला आरपार मोजणारा तो ‘डायमीटर’, म्हणजे मराठीतील व्यास. दोघांच्या मधून बोलणे ये-जा करते तो ‘डायलॉग’. पाणी शरीरातून थांबल्यावाचून निघून जाते, या लक्षणावरून नाव पडले तो ‘डायबेटिस’. ‘फ्राग्मा’ तर दिल्लीच्या वेशीवरच भेटतो. ओखल्याच्या पक्षी अभयारण्यात आणि यमुनेच्या पाणथळ काठांवर नळाचे उंच गवत दाट वाढते, एखाद्याने मुद्दाम कुंपण घालावे तसे. त्या गवताच्या वंशाचे शास्त्रीय नाव आहे ‘फ्राग्मायटिस’, आणि त्याचे मूळ याच कुंपणात आहे.

या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग विद्यार्थ्यांना छळते. उच्चारात कोठेही नसलेले एक ‘जी’ हे अक्षर त्यात शेवटून दुसऱ्या जागी बसलेले असते आणि उत्तरपत्रिकेत हटकून गळते. ते तेथे का आहे, हे घोकंपट्टी सांगत नाही. शब्दाचे मूळ सांगते. ते ‘फ्राग्मा’मधल्या ‘ग’चे राहिलेले चिन्ह आहे. उच्चारातून तो गेला, लेखनात राहिला, आणि ‘डायफ्रॅग्मॅटिक’ असे विशेषण केले की पुन्हा ऐकू येतो. कफ या अर्थाचा ‘फ्लेम’ आणि त्यापासूनचा ‘फ्लेग्मॅटिक’ यांतही हाच प्रकार आहे. ज्याला ‘फ्राग्मा’ ठाऊक आहे त्याच्या हातून हे अक्षर सुटण्याची शक्यता फार कमी.

या कुंपणाची सर्वांत जुनी आणि रंजक हकिकत प्लेटोच्या ‘तिमाइओस’ या संवादात सापडते. हा ग्रंथ इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. मानवी देहाची रचना सांगताना प्लेटो धडाची तुलना घराशी करतो. ग्रीक घरात पुरुषांचे आणि स्त्रियांचे दालन वेगळे असे. त्याचप्रमाणे देहातही वरच्या कप्प्यात शौर्य आणि संताप, खालच्या कप्प्यात भूक आणि वासना, आणि दोहोंच्या मध्ये एक आडोसा, अशी त्याची कल्पना आहे. म्हणजे हा शब्द शरीरशास्त्रात आला तो घरातून, दालने वेगळी करणाऱ्या आडोशावरून. मराठी माणूस या अवयवाला बोलताना साधेपणाने ‘पडदा’ म्हणतो. तो शब्द फारसी आहे, आणि उत्तर हिंदुस्थानात त्याला चिकटलेला अर्थही स्त्रियांच्या दालनाचाच आहे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन भाषांनी एका अवयवासाठी घराचा तोच कोपरा निवडावा, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ग्रीकांजवळ या अवयवासाठी आणखी एक, त्याहून जुना शब्द होता : ‘फ्रेन’, अनेकवचनी ‘फ्रेनेस’. होमरच्या काव्यात माणसे याच ठिकाणी विचार करतात, येथेच दुःख करतात आणि येथेच निश्चय करतात. छातीच्या तळाशी काहीतरी हलते, दाटते, सैल होते, हा अनुभव त्यांनी मनाचा अनुभव मानला, आणि ‘फ्रेन’चा अर्थ ‘मन’ असाही झाला. अ‍ॅरिस्टॉटलला हे मान्य नव्हते. या पडद्याचा विचारशक्तीशी स्वतःचा काही संबंध नाही, असे त्याने प्राण्यांच्या अवयवांवरील ग्रंथात लिहिले; मात्र गुदगुल्या केल्या की माणूस हसतो ते याच भागामुळे, हेही त्याने नोंदवले. शास्त्र पुढे गेले तरी शब्दाने जुनी समजूत सोडली नाही. १९०८ मध्ये झुरिकचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी एका मनोविकाराला ‘स्किझोफ्रेनिया’ असे नाव दिले. ‘स्किझो’ म्हणजे दुभंगणे आणि ‘फ्रेन’ म्हणजे मन. मराठीत त्यालाच ‘छिन्नमनस्कता’ म्हणतात. मराठी शब्द पहिल्या वाचनातच अर्थ सांगतो, ग्रीक शब्द सांगत नाही. परंतु मराठी शब्द ज्याने समजून घेतला त्याला ग्रीक शब्दही कळतो, कारण दोन्ही एकाच ठिकाणी जोडलेले आहेत.

मन आणि हा पडदा यांचे नाते मराठी बोलीलाही अपरिचित नाही. पोट धरून हसणे हे खरोखर या पडद्याचेच हसणे आहे. जर्मन भाषेत अशा हसण्याला या पडद्याला हादरवणारे हसणे असेच विशेषण आहे. बेंबीच्या देठापासून ओरडणे म्हणजे श्वासाचा सारा जोर तळापासून वर आणणे. भीतीने छाती दडपते, आनंदाने ऊर भरून येतो. आणि उचकी? श्वासपटल अचानक आकसते, त्याच क्षणी कंठाचे दार मिटते आणि ‘हिक्’ असा आवाज होतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का आणि श्वास या दोन विकारांचा विचार एकाच अध्यायात केलेला आहे, हे आजच्या दृष्टीनेही सयुक्तिक आहे. घरात मात्र उचकीचा अर्थ निराळा असतो. द्वारकेत किंवा नोएडात राहणाऱ्या नातवाला उचकी लागली की साताऱ्याच्या आजीने आठवण काढली, असे घरातले म्हणतात. पाण्याचा घोट आणि आजीचे नाव, दोन्ही उपाय एकदम केले जातात.

गायनाच्या क्षेत्रातही हेच. उत्तम गायकाच्या श्वासावरील ताब्याला मराठीत ‘दमसास’ असा नेमका शब्द आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात नादाची स्थाने सांगताना तो नाभीपासून आरंभ करतो आणि हृदय, कंठ, मस्तक अशा पायऱ्यांनी मुखापर्यंत येतो. याच देवगिरीला १३२७ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने दौलताबाद या नावाने आपली राजधानी केले. नाद मुखात जन्मत नाही, तो तळातून वर येतो, हे निरीक्षण गायकाच्या अनुभवाचे आहे. योगशास्त्रातही तसेच घडले. श्वास पूर्ण सोडून पोट आत खेचले की हा घुमट छातीत उंच चढतो. हठयोगात त्या क्रियेला ‘उड्डियान’ म्हणजे वर उडणे असे नाव मिळाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांच्या वेळी शरीरातील दाबात काय बदल होतो हे उपकरणे लावून तपासले. जुन्या शब्दाला प्रयोगशाळेत नेण्याचे ते धैर्य होते.

या अवयवाची नावे निरनिराळ्या भाषांनी कशी ठेवली, हे एकत्र पाहिले तर प्रत्येक भाषेचा स्वभाव दिसतो. लॅटिन वैद्यकाने त्याला ‘आडवी भिंत’ म्हटले. जुन्या इंग्रजीने ‘मिड्रिफ’ म्हणजे मधले पोट असा घरगुती शब्द केला. जर्मन भाषेने ‘आडवे कातडे’ असा. हिंदीतील ‘मध्यपट’ आणि मराठीतील ‘मध्यपटल’ यांनी जागा सांगितली. आयुर्वेद महाविद्यालयांच्या शारीरविषयक ग्रंथांत ‘महाप्राचीरा’ असा भारदस्त शब्द आढळतो. प्राचीर म्हणजे तटबंदीची भिंत. हा शब्द महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला कोशात शोधावा लागेल, दिल्लीतील विद्यार्थ्याला लागणार नाही. दर १५ ऑगस्टला ‘लाल किले की प्राचीर से’ हे शब्द तो दूरदर्शनवर ऐकतच मोठा झालेला असतो. त्याला एवढेच सांगावे की तशीच एक तटबंदी त्याच्या बरगड्यांच्या आतही आहे. मग ‘महाप्राचीरा’ तो विसरत नाही, आणि ग्रीक ‘फ्राग्मा’शी तिचा अर्थ कसा जुळतो हेही त्याला सांगावे लागत नाही.

या सर्वांत ‘श्वासपटल’ निराळा ठरतो. इतर नावे जागा सांगतात किंवा आडोसा सांगतात. हे नाव काम सांगते. त्यातील ‘पटल’ हा शब्द फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत डोळ्याच्या थरांना पटल म्हटले आहे, आणि आजच्या ‘दृष्टिपटल’, ‘पारपटल’ या शब्दांत तोच अर्थ टिकून आहे. कवितेत तो ‘स्मृतिपटल’ होतो. दिल्लीत मात्र येथेही एक गंमत आहे. संसदेचे कामकाज ऐकणाऱ्या मुलाला ‘सदन के पटल पर’ हे शब्द परिचयाचे असतात, आणि तेथे पटल म्हणजे चक्क मेज. तेव्हा ‘श्वासपटल’ ऐकून एखाद्याने ‘श्वासाचे टेबल कसे?’ असे विचारले तर हसू नये. दोन भाषांच्या मधोमध वाढणाऱ्या मुलाने विचारावा असाच तो प्रश्न आहे. शिक्षकाला त्यातून पटलाचे पदर उलगडून दाखवण्याची संधी मिळते.

शरीराबाहेर पडल्यावर ‘डायफ्राम’ने जे संसार थाटले, तेही थोडक्यात पाहावेत. १८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा दूरध्वनी बोलू लागला तो एका थरथरणाऱ्या पडद्याच्या बळावर. आवाजाने पडदा कापतो, त्या कंपनाची वीज होते, आणि दुसऱ्या टोकाला त्या विजेचे पुन्हा कंपन होते. ग्रामोफोनच्या पेटीत हा पडदा अभ्रकाच्या पातळ चकतीचा असे. बालगंधर्वांचा स्वर ज्या घरांत तबकडीवरून पोहोचला, तेथे तो सुईच्या टोकावरून अशाच चकतीत येऊन घुमला. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपच्या टोकाला ताणून बसवलेली चकती हाही डायफ्रामच. कॅमेऱ्यात तो भिंगापाशी बसून प्रकाशाची वाट लहानमोठी करतो, डोळ्यातील बुबुळ बाहुलीला लहानमोठी करते तसा. दिल्लीच्या स्वयंपाकघरांत पाणी शुद्ध करणारे जे आरओ यंत्र असते, त्याच्या छोट्या पंपात रबरी डायफ्राम पुढेमागे होऊन पाणी ढकलतो. कुटुंबनियोजनाच्या साधनांतही हे नाव आहे. ज्या काळी त्या विषयाचा उच्चारही अशिष्ट मानला जाई, त्या काळी, १९२१ मध्ये, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते.

आणि जमिनीखाली तो थेट भिंत होतो. खोल खणताना भोवतालची माती आणि पाणी आत ढासळू नये म्हणून आधी अरुंद खोल चर खणतात, तो खचू नये म्हणून त्यात बेंटोनाइट मातीचे दाट मिश्रण भरतात, मग लोखंडी सांगाडा सोडून काँक्रीट ओततात. या भिंतीला अभियंते ‘डायफ्राम वॉल’ म्हणतात. दिल्ली मेट्रोच्या भूमिगत स्थानकांच्या उभारणीत अशा भिंती वापरल्या गेल्या आहेत. २००४ च्या डिसेंबरात विश्वविद्यालय ते कश्मीरी गेट हा भूमिगत मार्ग खुला झाल्यापासून दिल्लीकर अशा भुयारी स्थानकांतून ये-जा करत आहेत.

इतक्या अर्थांना एकत्र बांधणारे सूत्र कोणते? वरवर पाहता अडवणे हेच. पण यांतील बहुतेक डायफ्राम नुसते अडवत नाहीत. दूरध्वनीतला पडदा कापतो म्हणून शब्द पलीकडे जातो. कॅमेऱ्यातला उघडतो म्हणून चित्र उमटते. शरीरातल्या पडद्यातही वाटा आहेत. अन्ननलिका त्याच्यातून खाली उतरते, शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी महाशीर त्याच्यातून वर चढते, महाधमनी त्याच्या मागच्या कमानीतून खाली जाते. छाती आणि पोट त्याने वेगळी ठेवली म्हणूनच दोघांची कामे नीट चालतात, आणि तो हलता राहिला म्हणूनच श्वास चालतो. नुसती ताठ भिंत असती तर माणूस जगला नसता. मध्ये काहीच नसते तरीही जगला नसता.

पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत महाराष्ट्रात आणि दिल्लीत झालेले काम या दृष्टीने पाहावे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला तेव्हा कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय योजले गेले. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ प्रसिद्ध झाला. १९५४ चे मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले, त्याचे अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. याच तर्कतीर्थांनी पुढे वाईला बसून मराठी विश्वकोशाची उभारणी केली. कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, पण त्याआधी परिभाषेचा संग्रह सिद्ध करावा लागला. शब्दच नसतील तर ज्ञान कशात भरणार? इकडे दिल्लीत १९६१ मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. मूलद्रव्यांची नावे, मापनाची एकके यांसारखे आंतरराष्ट्रीय शब्द तसेच ठेवावेत आणि संकल्पनांसाठी भारतीय शब्द घडवावेत, हे त्याचे धोरण समतोल होते.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर याच समतोलात आहे. ‘श्वासपटल’ शिकला म्हणून कोणी वैद्यकीय महाविद्यालयात मागे पडत नाही. ‘डायफ्राम’ नुसता घोकला म्हणून कोणी पुढेही जात नाही. पहिला शब्द मुलाला वस्तू समजावतो, दुसरा त्याला जगाच्या ग्रंथालयाचे दार उघडून देतो. पहिल्याच्या आधाराने दुसरा शिकवला, तर ओझे वाढत नाही, हलके होते. अडचण शब्दांच्या संख्येत नसून न उलगडता शिकवण्यात आहे. ‘श्वासपटल’ हा शब्दही फोड न करता पाठ करून घेतला, तर तो मुलाला ग्रीकाइतकाच परका राहतो. ही जबाबदारी शाळेची आहे आणि ती तिने मान्य केली पाहिजे. घरची जबाबदारी एवढीच की मुलाने एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर ‘इंग्रजीत काय म्हणतात ते बघ’ एवढ्यावर त्याला थांबवू नये.

शेवटी या अवयवाच्या उगमाविषयी, शब्दाच्या नव्हे, प्रत्यक्ष अवयवाच्या. श्वासपटल हलवणारी मज्जा छातीतून किंवा पोटातून निघत नाही. ती मानेतून निघते, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या ग्रीवा मज्जांमधून, आणि हृदयाच्या दोन्ही अंगांनी इतका लांबचा प्रवास करून खाली येते. तिचे नाव ‘फ्रेनिक’, म्हणजे जुन्या ग्रीकांचे मन येथेही आहेच. जवळ इतक्या मज्जा असताना मानेतून धागा आणण्याचे कारण काय? कारण हे की गर्भावस्थेच्या आरंभी या पडद्याची जडणघडण मानेच्या पातळीवरच सुरू होते. पुढे वाढ होताना तो खाली सरकत धडाच्या मध्यावर येऊन स्थिरावतो, पण मूळ ठिकाणची मज्जा तो सोडत नाही. ती लांबत जाते, तुटत नाही. मानेत वरच्या बाजूला गंभीर इजा झाली तर म्हणूनच श्वास थांबतो. आणि श्वासपटलाला बाधा झाली तर पुष्कळदा कळ खांद्यात येते. दुखते येथे, जाणवते तेथे.

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद येथे नोकरीव्यवसायासाठी येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ती येथे पूर्णपणे काम करतात, येथल्याच हवेत श्वास घेतात, येथल्या भाषा बोलतात. पण कोल्हापूर-सांगलीला पुराचे पाणी चढले की झोप येथल्या घरातली उडते. तो धागा लांब झालेला आहे, पण तुटलेला नाही. मराठी शाळा गेली साठ वर्षे करत आली ते त्या धाग्याच्या जपणुकीचे काम. तिने मुलांच्या आणि दिल्लीच्या मध्ये कुंपण घातलेले नाही. तिच्यातून शिकून गेलेले विद्यार्थी हिंदीत आणि इंग्रजीत मोकळेपणी वावरत आहेत, त्यांतले कित्येक आज या सभागृहात बसले आहेत.

आता त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी, बसल्या जागी, एक तळहात बरगड्यांच्या खाली पोटावर ठेवून एक सावकाश श्वास घ्यावा. हात जो पुढे सरकतो, तो सरकवणाऱ्याचे नाव श्वासपटल. त्यालाच जग डायफ्राम म्हणते. मुलाने घरी गेल्यावर ही दोन्ही नावे, त्यांच्या अर्थांसह, आजीला फोनवर सांगावीत.